शपथेपुरता देव

कलकत्त्यात ब्राह्मणाच्या पायाला हात लावून दिलेली साक्ष लंडनच्या न्यायालयाने खरी मानायची का? १७४४ साली इंग्लंडच्या बड्या न्यायाधीशांना हा प्रश्न सोडवावा लागला. अमीचंद नावाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचे पैसे बार्कर नावाच्या इंग्रजाकडे अडकले होते. दावा लंडनमध्ये आणि साक्षीदार बंगालमध्ये, म्हणून साक्षी कलकत्त्यातच नोंदवायचे ठरले. साक्षीदार हिंदू होते. बायबलचे त्यांना काय सोयरसुतक! त्यांनी आपल्या रीतीने शपथ घेतली, कागद जहाजातून लंडनला गेले आणि तिथे प्रतिपक्षाने हरकत घेतली: ख्रिस्ती नसलेल्याची शपथ ही शपथच नव्हे.

हरकतीला आधारही तालेवार होता. एडवर्ड कोक या थोर कायदेपंडिताने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, की अख्रिस्ती माणूस हा राजाचा कायमचा शत्रू आणि शत्रूची साक्ष कसली घ्यायची? न्यायाधीश विल्स यांनी कोकचे हे मत खोडून काढले. (ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार तेजीत असताना अर्धे जग शत्रू ठरवणे परवडणारे नव्हतेच.) निकाल असा लागला: जो देव मानतो आणि खोटे बोललो तर तो देव शिक्षा करील अशी ज्याला भीती आहे, त्याची साक्ष चालेल. देव कोणता, शपथेची रीत कोणती, हे गौण. ज्याला असा कुठलाच देव नाही, त्याची साक्ष मात्र चालणार नाही.

एका दाव्यात रेषा सरकली. काल ती ख्रिस्ती आणि इतर यांच्यामध्ये होती, आज ती देव मानणारा आणि न मानणारा यांच्यामध्ये आली. पण कलकत्त्याच्या साक्षीदारांच्या मनात श्रद्धा किती खोल आहे, याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नव्हते. त्याला तारण हवे होते. धर्मश्रद्धा कुठे संपते आणि अश्रद्धा कुठे सुरू होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ चघळला आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ती रेषा बहुधा अशाच जागी आखली गेली, जिथे कुणाला तरी परक्याच्या शब्दावर विसंबायचे होते.

विल्स यांची कसोटी घेऊन भारतीय दर्शनांकडे आले, तर मोठी गंमत होते. सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर अभिमानी, यज्ञकर्माचे पुरस्कर्ते. पण जग निर्माण करणारा ईश्वर आहे, हे त्यांना मान्य नव्हते. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सृष्टीची सगळी मांडणी ईश्वरावाचून करते. तरीही दोघे आस्तिकांच्या पंगतीला. उलट जैन आणि बौद्ध स्वर्ग मानतात, नरक मानतात, देवदेवता आणि पुनर्जन्म मानतात. तरी वेदांचे प्रामाण्य नाकारले म्हणून त्यांची गणना नास्तिकांत. रेषा देवावरून गेलेली नाही, ग्रंथावरून गेली आहे. चार्वाक तेवढा कुठल्याही मापाने बाहेरच. आणि एखादा जैन सावकार विल्स यांच्यासमोर उभा राहिला असता तर? खोटे बोलण्याचे फळ भोगावेच लागते, यावर त्याचा गाढ विश्वास; पण ते फळ देणारा ईश्वर त्याच्या विश्वात नाही, कर्म आपले आपण फळते. इंग्रजी कायद्याच्या चौकटीत या माणसाला जागाच नव्हती.

मनुस्मृतीतली साक्षीदारांची शपथही पाहण्यासारखी आहे. ब्राह्मणाने सत्याची शपथ घ्यावी, क्षत्रियाने वाहनाची आणि शस्त्रांची, वैश्याने गुरे, धान्य आणि सोन्याची. शूद्राला मात्र सगळी पातके माथी येतील, असे बजावायचे. यात ईश्वर औषधालाही नाही. ज्याचे जे जपून ठेवण्यासारखे, ते त्याने गहाण टाकायचे, आणि कुणाकडे काय जपण्यासारखे आहे हे वर्णाने आधीच ठरवून दिलेले. मराठेशाहीतल्या निवाड्यांत बेलभंडार उचलून शपथ होई, आणि तेवढ्याने भागले नाही तर रवादिव्य: उकळत्या तेलतुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी फोड आले का ते पाहायचे. इथे देवाने परलोकात शिक्षा करण्याची वाट पाहायची नाही. त्याने त्याच आठवड्यात निकाल द्यायचा.

कंपनीच्या न्यायालयांनी हिंदूंच्या हाती गंगाजल आणि मुसलमानांच्या हाती कुराण दिले. त्यातून भलताच पेच उभा राहिला. गंगेची शपथ घेणेच अनेकांना पाप वाटे. खरे बोलायचे असले तरी गंगा मध्ये आणायची नाही, अशी त्यांची भावना होती आणि म्हणून ते साक्षीलाच येईनात. अखेर १८४० च्या पाचव्या कायद्याने हिंदू-मुसलमानांसाठी गंगाजल आणि कुराण बाजूला ठेवले आणि सर्वशक्तिमान ईश्वरासमक्ष गंभीरपणे सांगण्याची सोय केली.

इंग्लंडमध्ये हेच नाट्य दीडशे वर्षे आधी घडून गेले होते. क्वेकर पंथाचे लोक बायबल अक्षरशः पाळणारे. शपथच घेऊ नका, असे येशूने सांगितले आहे, म्हणून ते न्यायालयात शपथ घेत नसत आणि त्यापायी तुरुंगात जात. १६९५ साली संसदेने त्यांच्यापुरती प्रतिज्ञेची वाट मोकळी केली. शपथेऐवजी प्रतिज्ञेचा जो दरवाजा पुढे नास्तिकांनी वापरला, तो मुळात अतिश्रद्धाळूंसाठी बसवलेला होता.

पण नास्तिकांना तो उघडायला फार काळ गेला. १८६१ साली लँकशरमधल्या एका बाईने आपली वस्तू परत मिळावी म्हणून दावा लावला. साक्ष देण्यापूर्वी तिला विचारले गेले, देव मानतेस का? ती नाही म्हणाली. झाले, साक्ष नाही आणि साक्ष नाही म्हणून दावाही नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी असल्याच प्रकरणांवरून दोन वर्षे आधी ‘ऑन लिबर्टी’त या नियमाचे वाभाडे काढले होते. नास्तिक खोटारडा असतो, असे कायदा गृहीत धरतो. पण तो नास्तिक आहे हे कायद्याला कळते कसे, तर तो खरे बोलतो म्हणून. जो नास्तिक बेधडक ‘मानतो’ म्हणेल, त्याची साक्ष न्यायालय आनंदाने घेते. आगरकरांच्या पिढीने मिलची पारायणे केली, त्यामागे हा असा बिनतोड तर्क होता.

हेच मिल १८६८ च्या निवडणुकीत एका बदनाम उमेदवाराच्या निधीला पैसे देऊन बसले. स्वतः त्या निवडणुकीत पडले, आणि पडण्याचे एक कारण ती देणगी मानली गेली. तो उमेदवार म्हणजे चार्ल्स ब्रॅडलॉ. घोडदळातला माजी शिपाई, अंगापिंडाने धिप्पाड, बोलायला उभा राहिला की सभा गाजवणारा, १८६६ पासून नॅशनल सेक्युलर सोसायटीचा म्होरक्या. नास्तिक म्हणवून घेण्यात त्याला भूषण वाटे. मात्र देव नाहीच, असे तो ठासून सांगत नसे. तुम्ही ‘देव’ म्हणता तेव्हा नेमके काय म्हणता हे मला समजत नाही आणि न समजलेल्या गोष्टीला मी होही म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही, अशी त्याची भूमिका होती.

१८८० च्या एप्रिलमध्ये नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्याला संसदेत पाठवले. एव्हाना, म्हणजे १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी, नास्तिकांना न्यायालयात प्रतिज्ञेवर साक्ष देता येऊ लागली होती. ३ मे रोजी ब्रॅडलॉने सभागृहात तीच मुभा मागितली. समिती बसली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने ‘नाही’ ठरले. ठीक आहे, ब्रॅडलॉ म्हणाला, मग शपथ घेतो. पण हा गृहस्थ सरळ! शपथेतले देवाचे शब्द आपल्याला निरर्थक आहेत, वचन मात्र आपल्यावर बंधनकारक राहील, असे त्याने वर्तमानपत्रांतून आधीच जाहीर केले. आता विरोधकांना कोलीतच मिळाले. शपथ न घेणारा नास्तिक चालत नव्हता, शपथ घेणारा तर त्याहून चालेना. विन्स्टन चर्चिलचे वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनी ब्रॅडलॉची एक पुस्तिका सभागृहात जमिनीवर आपटून पायाखाली तुडवली. ती पुस्तिका देवावर नव्हती, राजघराण्यावर होती; यावरून विरोधाचे मूळ कुठे होते, त्याचा थोडा अंदाज यावा.

पुढची सहा वर्षे म्हणजे फार्सच. २३ जून १८८० रोजी सभागृह सोडायला नकार दिला म्हणून त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत टाकले. दुसऱ्या दिवशी सोडले. मग स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा घेऊन बसू दिले, तर न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जागा गेली. नॉर्दम्प्टनने त्याला पुन्हा निवडले. ऑगस्ट १८८१ मध्ये तो आत शिरू लागला, तेव्हा पोलिसांनी आणि रखवालदारांनी त्याला फरफटत बाहेर काढले, अंगावरचे कपडे फाटले. फेब्रुवारी १८८२ मध्ये तो तडक मेजाशी गेला, खिशातून ‘नवा करार’ काढला, शपथेचा कागद काढला आणि स्वतःच स्वतःला शपथ देऊन मोकळा झाला. पुन्हा हकालपट्टी, पुन्हा निवड. १८८० ते १८८५ या काळात त्या मतदारांनी त्याला पाच वेळा निवडून दिले. हट्टीपणात मतदारसंघही काही कमी नव्हता.

या साऱ्या गदारोळातला सर्वांत मर्मग्राही युक्तिवाद नास्तिकाने केला नाही, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी केला, आणि ते तर कमालीचे धर्मनिष्ठ. एप्रिल १८८३ मध्ये प्रतिज्ञेच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विचारले, की तुम्ही नेमके कशाचे रक्षण करता आहात? कॅथलिक आत आले, ज्यूही आले. म्हणजे ख्रिस्ताची अट केव्हाच सुटली. उरली ती कुठल्या तरी देवाची अट. मग ल्युक्रेशियस या रोमन कवीचे देव चालतील का? ते आहेत, सुखात आहेत आणि माणसांच्या भानगडींशी त्यांना काही देणेघेणे नाही. असे देव मानणारा खुशाल शपथ घेईल आणि तुम्ही त्याला श्रद्धावान म्हणाल! ग्लॅडस्टन यांनी भर सभागृहात लॅटिन ओळी म्हणून दाखवल्या. सभासद भारावले आणि विधेयक २९२ विरुद्ध २८९ असे तीन मतांनी फेटाळून लावले.

शेवट अगदीच साधा झाला. १८८६ च्या जानेवारीत नवे सभापती पील यांनी सांगितले, की सदस्याने शपथ घ्यायची आणि मध्ये कुणी बोलायचे नाही. ब्रॅडलॉने शपथ घेतली. १८८८ मध्ये त्यानेच मांडलेला शपथ कायदा मंजूर झाला आणि प्रतिज्ञेचा मार्ग सर्वांना खुला झाला. चार वर्षांनी दादाभाई नौरोजी निवडून आले, तेव्हा त्यांनी हाती अवेस्ता घेऊन शपथ घेतली आणि देवावरून कुणी रान उठवले नाही.

ब्रॅडलॉ हिंदुस्थानात लोकप्रिय होता. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो आला. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही बरोबर १८८९ भरली होती. तो ३० जानेवारी १८९१ रोजी वारला. त्याच्याविरुद्धचा १८८० चा ठराव संसदेने तीनच दिवस आधी इतिवृत्तातून खोडून टाकला होता, पण तेव्हा तो अखेरच्या ग्लानीत होता. अंत्यविधीला लंडनमधले झाडून सारे हिंदी गेले होते, असे त्यांच्यातल्या एका विद्यार्थ्याने पुढे लिहिले. त्या विद्यार्थ्याचे नाव मोहनदास गांधी. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने तिथल्या पाद्र्याला धरले: पृथ्वीचा परीघ मानता ना, मग तुमच्या देवाचे आकारमान सांगा. पाद्री नम्रपणे म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. त्या प्रसंगाने नास्तिकतेविषयीचा आपला अनादर वाढला, असे गांधी सांगतात.

चाळीस वर्षांनी मात्र गांधींनी त्याच ब्रॅडलॉला जवळ ओढले. १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये बोलताना त्यांनी ‘ईश्वर सत्य आहे’ हे वाक्य उलटवून ‘सत्य हाच ईश्वर’ असे का म्हणू लागलो, ते सांगितले. ब्रॅडलॉ सत्याला भिऊन वागणारा होता, म्हणून तो देवभीरूच होता, असा त्यांचा निर्वाळा. उदार वाटते हे, पण जरा जपूनच घ्यावे. संसदेने ब्रॅडलॉला न विचारता बाहेर ठेवले, गांधींनी न विचारता आत घेतले. त्याचे स्वतःचे म्हणणे दोन्हीकडे बाजूलाच राहिले.

आंध्रातले गोरा (गोपराजू रामचंद्र राव) हयात होते, म्हणून गांधींना त्यांचे ऐकून घ्यावे लागले. जातिनिर्मूलनाचे काम करणारे हे कट्टर नास्तिक १९४४ पासून सेवाग्रामला येऊन गांधींशी वाद घालत. त्यांनी आपल्या मुलीचा विवाह दलित तरुणाशी ठरवला. लग्न सेवाग्राम आश्रमात लावायचे, पण आश्रमाच्या विधीत तर ईश्वराचे नाव! नास्तिक वधूपित्यासाठी ‘ईश्वरा’च्या जागी ‘सत्य’ घालायला गांधी तयार झाले. गांधींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, ते लग्न ठरल्याप्रमाणे सेवाग्रामलाच लागले.

अमेरिकेत हाच गुंता लष्करभरतीत निघाला. धार्मिक कारणाने युद्ध निषिद्ध मानणाऱ्याला तिथे सूट होती, पण धार्मिक म्हणजे परमेश्वराशी नाते मानणारा, असे कायद्यात लिहिले होते. डॅनियल सीगर या तरुणाने अर्जात देवाविषयीचा प्रश्न खुला ठेवला, ‘धार्मिक’ शब्दाला अवतरणचिन्हे घातली आणि आधाराला प्लेटो, ॲरिस्टॉटल, स्पिनोझा दिले. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: श्रद्धाळूच्या आयुष्यात देवाची जी जागा असते, तीच जागा ज्या प्रामाणिक निष्ठेने व्यापली आहे, ती निष्ठा धार्मिकच. पाच वर्षांनी एलियट वेल्श आला. त्याने ‘धार्मिक’ शब्द चक्क खोडला होता आणि आपली मते इतिहास-समाजशास्त्राच्या वाचनातून बनली, असे लिहिले होते. न्यायालयाने त्यालाही सूट दिली. धार्मिक नाही म्हणणारा माणूस कायद्यापुरता धार्मिक ठरला. सीगर पुढे खरोखरच क्वेकर झाला, हे जाता जाता.

आपल्या संविधान सभेत तर देवावर मतदानच झाले. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णु कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी दुरुस्ती मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही शाक्त. मग देवीच्या नावाने का नको? हृदयनाथ कुंझरू यांना अशी सक्ती संकुचित वाटली. देवावर मत द्यायची अवघड वेळ आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनीही सुचवून पाहिले, पण कामत हटेनात. हात वर झाले: बाजूने ४१, विरोधात ६८. ज्यांनी विरोधात हात वर केला, त्यांतले कितीतरी घरी जाऊन पूजा करणारे असतील. त्यांचा नकार देवाला नव्हता, देवाचे नाव सगळ्यांच्या वतीने घेण्याला होता. कामतांनी मात्र हा काळा दिवस असल्याचे सांगून, देव भारताला तारो, असे म्हणून घेतले.

पदाच्या शपथेत मात्र सभेने दोन्ही वाटा ठेवल्या. महाराष्ट्रातला आमदार आजही ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ यांपैकी एक निवडतो. तिसरी वाट नाही, हे केरळात दिसले. २००१ साली निवडून आलेल्या तिथल्या एका आमदाराने श्री नारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली. ही संविधानातली शपथ नव्हे, असे केरळ उच्च न्यायालयाने ठरवले. गुरूलाच देव मानणाऱ्या माणसापुढे पर्याय उरले दोन: नुसता ‘ईश्वर’ म्हणा, नाहीतर नास्तिकाची म्हणून ओळखली जाणारी वाट धरा.

न्यायालयातल्या साक्षीदारालाही १९६९ च्या शपथ कायद्याने हीच निवड दिली. त्यातल्या नमुन्यात कुठल्याही ग्रंथाचे नाव नाही. पिंजऱ्यातली लाल कापडातली गीता ही मुख्यतः हिंदी-मराठी चित्रपटांची देणगी. शिवाय शपथ द्यायची राहून गेली तरी साक्ष बाद होत नाही आणि खरे सांगण्याचे बंधन सुटत नाही, असे हा कायदा स्पष्ट म्हणतो. खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद. अमीचंदच्या दाव्यात शिक्षेचे जे काम देवाकडे होते, ते आता फौजदारी कायद्याकडे आले आहे.

मग रेषा राहिली कुठे? बरीचशी सरकारी अर्जाच्या रकान्यात. आणि तिथे कोण येऊन उभे राहील, याचा नेम नाही. धर्म या रकान्यात ‘ख्रिस्ती’ऐवजी ‘कोणताही धर्म नाही’ अशी राजपत्रात नोंद करून मिळावी, असा अर्ज काही जणांनी केला. शासकीय मुद्रणालयाने तो फेटाळला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अर्जदार नास्तिक असतील, असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ते ‘फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड’ या संस्थेचे होते. येशू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, पण ख्रिस्ती धर्मासह कुठलाही धर्म त्यांना मान्य नव्हता. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. ए. एस. चांदूरकर यांच्या खंडपीठाने त्यांचे म्हणणे उचलून धरले: संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य हे आपला कुठलाच धर्म नाही, असे सांगण्याचेही स्वातंत्र्य आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारला करता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत ‘धर्म सांगितला नाही’ या गटात सुमारे २८ लाख ६७ हजार माणसे मोजली गेली. त्यांत निरीश्वरवादी असतील, प्रगणकाला उत्तर देण्याचा कंटाळा केलेले असतील, धर्म ही खासगी बाब मानणारे भाविकही असतील. छापील तक्त्यात त्या सगळ्यांसाठी एकच ओळ आहे.